तिनाचे चार

कुमासीच्या विद्यापीठात, तळमजल्यावर, सोळा संगणक.
रेणू काढता येतात त्यातल्या एकावरच.
म्हणून दारावर यादी,
आणि यादीत माझं नाव पहाटे पाचच्या रकान्यात.

हरमाटानची धूळ कळफलकाच्या फटीफटींत.
बाहीनं पुसते, आणि षटकोन उचलते.
त्याला टेकून पंचकोन,
मग षटकोन, पुन्हा षटकोन,
सामाईक भिंतींची चार घरं.
रेघा तिरक्या गेल्या तर एक बटण आहे,
दाबलं की सगळे कोन ताठ,
हेडमास्तर वर्गात आल्यासारखे.

नायट्रोजनला मिथाइल जोडला
तशी लाल चौकट उमटली.
मागून क्वाबेना, तोंडात ब्रेड:
"दोनाचे चार हात तर सगळ्यांचेच होतात, सेरवा,
याचे तिनाचे चार कसे केलेस?"

होतात. फक्त काहीतरी सोडावं लागतं.
मी शेजारी बारीकसं अधिक ठेवलं.
लाल निमूट मावळलं.
गमावल्यावर अधिकचं चिन्ह का लावतात
हे पहिल्या वर्षापासून विचारायचं राहिलंय.

आणि वीज गेली.
साठवलं नव्हतं.
(हे तिसऱ्यांदा.)

डॉ. तवियाह यांनी ड्रॉवरमधून हिरवी पट्टी काढून दिली,
प्लॅस्टिकची, षटकोनी भोकांची, एक कोपरा चावलेला.
"हिला वीज लागत नाही," म्हणाले,
पण चावलं कोणी ते सांगितलं नाही.

वीज आल्यावर पुन्हा काढलं, छापलं,
आणि शनिवारी केजेटियाच्या बाजारात गेले
मामे कोनादूकडे, जिच्याकडून आई
तापाच्या दिवसांत निबिमाची मुळं आणायची.
सुरीनं ती मूळ तासत होती. आत पिवळंधमक.
"हे त्याच्या आतलं," मी म्हटलं, आणि कागद दिला.

तिनं कपड्याला हात पुसले.
कागद उलटा धरला, मग आडवा.
मी थांबवलं नाही,
फिरवला तरी रेणू तोच असतो.
बराच वेळ बघून म्हणाली,
"यात कडू कुठं आहे?"

मी बोट अधिकवर ठेवलं.
मग दुसऱ्या नायट्रोजनवर.
मग बोट उचललं.
चार वर्षांत एवढी बटणं पाठ झाली,
हे दाखवणारं एकही नाही.

ती हसली नाही. मान हलवली,
माल परत घेतल्यासारखी,
आणि त्याच कागदात मूठभर मुळं बांधली.
"उकळताना झाकण ठेव. पैसे पुढच्या वेळी."

खोलीवर पुडी सोडली.
पंचकोनावर माती,
आणि उजवीकडच्या कड्याबाहेर, जिथं काही जोडलेलं नाही,
पिवळा ओला डाग, सावकाश पसरत चाललेला.

सोमवारी डॉ. तवियाह यांना विचारलं,
आकृती अशीच प्रबंधात लावली तर चालेल का?
त्यांनी कागद नाकाशी नेला.
डोळे मिटले.
म्हणाले, आधी फाईल साठव.