काकपद

लायोनेल गार्स्टँगनं सात कादंबऱ्या लिहिल्या.
आज त्या कुणी वाचत नाही.
खरं सांगायचं तर मीही वाचल्या नव्हत्या,
जमवल्या होत्या.
पहिली आवृत्ती, वेष्टण शाबूत,
किमतीचा कोपरा न कातरलेला,
आणि आत, कोऱ्या पानावर, त्याच्या हातच्या दोन ओळी:
कुणाला तरी, कशाबद्दल तरी.
त्या 'कुणाला तरी'चेच पैसे जास्त पडतात.

सहा होत्या माझ्याकडे.
फालमथ बंदराच्या कचेरीत एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या जहाजांच्या नोंदी केल्या, त्या पगारातून.
एक बिशपला दिलेली; बिशपनं तिच्यावर चहा सांडला होता.
एक 'मार्जरीला, ऑगस्टच्या आठवणीत'.
कुठला ऑगस्ट, ते मार्जरीबरोबर गेलं.
एक दंतवैद्याला, नुसतीच सही.
बहीण टॅमसिन म्हणायची,
लोकांना मिळालेल्या भेटी तू विकत घेतोस.
मी म्हणायचो, आधी हात धू.

सातवी सापडली पेन्झान्सला,
रंडलच्या दुकानात, स्टोव्हपासून लांब,
जिथे तो बरी पुस्तकं ठेवतो.
१९३८. कण्यावर ऊन खाल्लेलं, पानांवर तांबूस ठिपके.
"मिस पॅस्को यांस,
ज्या नसत्या तर हे पुस्तक
वर्षभर आधी संपलं असतं."
निळी शाई, ऐटबाज सही.
आणि आडनावाच्या शेवटी, पेन्सिलीनं,
मुंगीच्या पायाएवढं काकपद,
वर राहून गेलेला ई.

रंडलनं चष्मा कपाळावर सरकवला.
"टायपिस्ट त्याची. न्यूलिनची.
चार वर्षं त्याचं गचाळ अक्षर लावलं तिनं,
आणि यानं तिचंच नाव चुकवलं.
म्हणायला फरक काही नाही, तो ई मुकाच."
खणातून मऊ रबर काढलं.
"पुसून देऊ?
पुसलं तर दोनशे पौंड जास्त लागतील.
आत आणखीही आहे, पण आत कोण बघतंय?"

मी म्हटलं, राहू दे.
थोरपणा नव्हे. दोनशे पौंड नव्हते.

त्या रात्री हात धुऊन बसलो
आणि आयुष्यात पहिल्यांदा गार्स्टँग वाचला,
तिच्या पेन्सिलीमागून.
पान एक्केचाळीस: स्वल्पविराम हलवलाय.
पान अठ्ठ्याऐंशी: 'या महिन्यात बांगडा? कुठून?'
पान एकशे बारा. नायक चांदण्यात होडी लोटतो,
फ्रान्सकडे, प्रेमाकडे, दीड पान भरून.
समासात: 'त्या रात्री ओहोटी. होडी चिखलात.'

टाइप करताना सांगितलं नसेल का तिनं?
सांगितलं असेलच.
मग छापून आल्यावर मुकाट्यानं पेन्सिल उचलली.

ग्रंथालयातून पुढची स्वस्त आवृत्ती आणली.
तिच्यात होडी चिखलात आहे.
नायक सहा तास बसून राहतो, पायात थंडी,
भरती यायच्या आत त्याला कळतं
की फ्रान्सला कुणी वाट बघत नाहीये.
सात कादंबऱ्यांतलं ते एक पान बरं उतरलंय.
आभाराच्या पानावर नौदलाचा एक कप्तान आहे,
एक डॉक्टर, आणि लेखकाचा कुत्रा.

आता मी रोज थोडं वाचतो.
वेष्टण काढून ठेवलंय, टेबलावर चहा असतो,
टॅमसिन बघून काही बोलली नाही.

काल पान दोनशे तीनला पोचलो.
एकशे साठव्या पानावर, पावसात,
सगळ्या गावानं पुरलेली आत्या
इथे दार उघडते,
नायकाचा ओला कोट घेते, बस म्हणते.
समासात काहीही नाही.
पान उजेडात तिरपं धरून पाहिलं,
खोडल्याची खूणसुद्धा नाही.

बांगड्याचा महिना पकडणारी बाई
मेलेली आत्या कशी सोडेल?
सुटली असेल. दिवसभराची थकलेली असेल.
किंवा पेन्सिल टेकवून
तिनं ती उचलून घेतली असेल.

मीही एक टोक करून ठेवलीय.
अजून टेबलावर आहे, पुस्तकाच्या उजवीकडे.
आत्या कपात चहा ओततेय.