उजव्या मुठीचा आरसा

उसाची ट्रॉली मागून आली की मला कळते,
गाणी लावलेली असतात ना, बुधगावच्या वळणापासून.
भीती तिची नाही.
भीती त्या बॅटरीवरच्या रिक्षाची.
अनवाणी आल्यासारखी येते
आणि एकदम कोपराशी असते.

म्हणून गणपती पेठेत बाबगोंडाच्या दुकानासमोर उभी राहिले,
शिवलेले अकरा ब्लाउज कॅरेजला तसेच.

उजवा डोळा माझा धुक्यातला.
मिरजेच्या डॉक्टरांनी "आहे तेवढा सांभाळा" म्हणून सोडून दिलेला.
आणि आरसा मात्र उजवीकडेच लावायचा, म्हणे.
मान वळवून डावा डोळा तिकडं न्यावा लागतो,
नव्या पाहुण्याला हात धरून आत नेल्यासारखा.

गोल, फुगीर आरशात सगळी पेठ मावली,
पण दुकानातला सादिक तांबडी बादली घेऊन
मागं मागं गेला, तो दहा पावलांत मसुराच्या दाण्याएवढा.
सपाट आरशात बादली बादलीएवढी.
पण नुसती बादलीच. सादिक कुठाय? रस्ता कुठाय?

"दिसतंय का काकू?" तो लांबून ओरडला.
मी चष्म्याच्या वरच्या भागातून बघितलं, मग खालच्या.
हे कुणी सांगितलंच नव्हतं:
आरसा हाताच्या अंतरावर
आणि त्यातली बादली चौकापलीकडं.
जवळच्या भिंगातून लांबचं बघायचं
की लांबच्या भिंगातून जवळचं?
सुई ओवताना असला पेच कधी पडला नाही,
तिथं भोक आणि दोरा निदान एका गावचे असतात.

बाबगोंडा म्हणाला, "वाचायचं थोडंच आहे त्यात?
डाग मोठा व्हायला लागला की बाजूला व्हायचं. झालं."

चाळीस वर्षं अर्ध्या सुताचा फरक पकडत आले मी.
आता डागावर भागवायचं.

फुगीरच घेतला, जरा मोठा, एकशेवीसला.
माधवनगरच्या रस्त्यावर असा थरथरला
की एका रिक्षाच्या दोन झाल्या.
घरी येऊन क्लॅम्पखाली बकरमची पट्टी घातली,
कॉलरला घालते तीच, दुहेरी.

आज सकाळी एकीची दीडच दिसली.
हिरवट डाग. वाढला.
मी कडेला झाले,
आणि आतला माणूस, ज्याला मी अख्खी दिसत होते,
हॉर्न न वाजवता गेला.