पाचशे शहात्तर ओळी

राजारामपुरीत, सातव्या गल्लीच्या तोंडाला माझं दुकान.
बोर्डावरचं 'व्हिडिओ' उन्हानं खाल्लं,
'दुरुस्ती' तेवढं शाबूत.
शनिवारी दुपारी दोघं आले,
इंगवले वस्ताद आणि हुसेनभाई शिकलगार,
एका स्कूटरवरून, एकाच डिस्कचं भांडण घेऊन.

त्र्याण्णव सालची कुस्ती, खासबागेतली.
लग्नांचं शूटिंग करणाऱ्या कुणीतरी
वरच्या पायरीवरून घेतलेली,
टेपेवरून डिस्कवर उतरवलेली,
उतरवताना आणखी थोडी सांडलेली.
पंचांनी कुस्ती दिली इंगवल्यांना.
हुसेनभाई तेव्हापासून म्हणतात,
डावा खांदा टेकलाच नव्हता,
बोटभर फट होती.
ती बोटभर फट दोघांनी मिळून सांभाळली,
चहातून, पोरींच्या लग्नांतून, एका बायपासमधून.

"नातवानं नवा टीव्ही आणलाय," वस्ताद म्हणाले,
"म्हणतोय, जुनं बी फोर-के करून दावतो.
तुझ्याकडं तसलाच हाय भिंतीवर.
लाव. आणि सांग, खांदा दिसतोय का."

मी आधी खरं ते सांगितलं.
डिस्कवर ओळी पाचशे शहात्तर.
पडद्यावर दोन हजार एकशे साठ.
मधल्या ओळी कुणी लिहायच्या?
प्लेअर लिहितो, नाहीतर टीव्ही लिहितो,
शेजारच्या ठिपक्याला विचारून, अंदाजानं.
दोघांनाही लिहायला लावू नये,
एका रश्श्यात दोन आचारी मीठ टाकतात तसं होतं.
म्हणून प्लेअरचं बंद केलं, टीव्हीचं ठेवलं.

"म्हंजे ह्यो पंच हाय का बघ्या?"
हुसेनभाईंनी विचारलं.
मला उत्तर सुचलं नाही. प्ले दाबलं.

आणि खरंच, पडदा उजळला.
मागच्या फळीवरची अक्षरं तशीच राहिली,
अक्षरं नव्हेत, अक्षरांची सूज.
पण माणसं सुटी झाली. फेट्यांना कडा आल्या.
वस्तादांना नाक आलं.
"बघ की, देखणा होतो मी," म्हणाले,
आणि हात आपसूक मोडक्या कानावर गेला.
पडद्यावरच्या कानाची घडी
टीव्हीनं इस्त्री करून टाकली होती.

मग ढाक लागली.
खांदा खाली निघाला,
जवळ, अजून जवळ,
आणि हुसेनभाई खुर्चीवरून उठले.
"थांब. माती कुठं गेली?"

मागं घेतलं. पुन्हा बघितलं.
नव्हती.
ताक, हळद, तेल, कापूर घालून मळलेली,
पाठींवरून उडालेली हौद्यातली लाल माती
यंत्राला खरखर वाटली.
खरखर म्हणून त्यानं पुसून घेतली.
दोन गडी धुतल्या फरशीवर लढत होते,
अंगं मेणाची,
आणि डाव्या खांद्याखाली
एक गुळगुळीत, ठाम सावली.

"ह्येनं खांदा काढलाय," हुसेनभाई म्हणाले,
"बघितलेला न्हाई."

मी मेनूत शिरलो, एकेक बंद करत गेलो.
धार शून्यावर. सफाई बंद.
चित्र मऊ पडलं, दमल्यासारखं,
आणि माती परत आली,
आधी चिमटीनं, मग मुठीनं.
खांदा तिच्यात बुडाला.
फट होती की नव्हती,
ते डिस्कलाच माहीत नव्हतं.

"मी घरात नाकवालंच लावणार," वस्ताद म्हणाले.
"लाव की," हुसेनभाई म्हणाले,
"मी यीन बघायला. चष्मा काढून बसीन."

पन्नास रुपये झाले, मी म्हटलं.
"जिंकल्यालानं द्यायचं,"
वस्ताद म्हणाले,
आणि दोघांचेही हात
एकदमच खिशात गेले.