गळलेला ‘का’

बिस्किटांच्या गंजक्या डब्यातून आल्या
एकोणीस सीड्या. सतरा मुक्या, चांदी उडालेल्या.
उरलेल्या दोनांत बडोद्याच्या विहिरी होत्या,
दोन हजार चारच्या पाहणीतल्या.

हेतलने फाइल उघडली आणि खुदकन हसली:
‘बेन, आ तो दरियामां छे!’
खरंच. वाडी, फत्तेपुरा, पाणीगेट,
तीनशे बारा विहिरी
आफ्रिकेच्या काखेत, शून्य अंशाजवळ,
भर समुद्रात.

हा जुना नकाशा चौघांत वाटून ठेवलेला असतो.
एक फाइल आकार सांभाळते, एक क्रम,
एक नावगाव; चौथी चिमुकली, एका ओळीची,
ती सांगते, हे सगळं पृथ्वीवर नेमकं कुठे.
फालतू समजून कुणीतरी तीच पुसली होती.

रकान्याच्या नावाला दहाच अक्षरांची मुभा.
कुणीतरी रोमनमध्ये टाइप केलं असणार ‘पाणी आहे का’,
शेवटची दोन अक्षरं उंबऱ्याबाहेर राहिली.
मथळा ठामपणे म्हणतो: पाणी आहे.
आणि खाली, देवनागरी न कळणाऱ्या कुठल्याशा यंत्रातून जाऊन आलेली,
तीनशे बारा ओळी नुसती प्रश्नचिन्हं.

जेवणाची सुट्टी टळून गेली.
मग दिसलं, काही ठिकाणी चिन्हं दोन, काही ठिकाणी चार.
ह आणि काना-मात्रा : हो.
न, काना, ह, वेलांटी : नाही.
मी बोटाने मोजत बसले,
हेतल लिहून घेत गेली.
दोन. चार. चार. चार. दोन. चार.
नावं मात्र परत आली नाहीत.
सात प्रश्नचिन्हांची विहीर कुणाची होती?

हरपळेकाकांना फोन केला. चौऱ्याऐंशी वय, कारेलीबागेत मुलाकडे.
ऐकू कमी येतं, मी ओरडले: ‘शून्य कुठे धरला होता?’
‘कापडी नकाशाचा समास बघ की, बाई.’
बघितला. पेन्सिलीने, तिरकं:
‘शून्य = सुरसागर, ईशान्य काठ, खाच असलेला दगड.’
तीनशे बारा विहिरी एका झटक्यात
समुद्र ओलांडून घरी आल्या.

साहेबांना अहवाल हवा आहे : पन्नास वर्षं टिकेल असा फॉरमॅट कोणता?
लिहिते आहे. जिओपॅकेज, म्हणजे चौघांची ताटातूट नको.
शिवाय साधा मजकूर, स्वल्पविरामांनी तोडलेला,
उद्याच्या कुणालाही आमच्याविना वाचता यावा असा.
शिवाय एक छापील प्रत, शून्य समासात,
आणि हो, कुठलीही कंपनी बुडाली तरी चालेल असं बघावं.
साहेब विचारतील, तीन तीन कशाला?
त्यांना मी डबा दाखवेन.

नव्या फाइलीत रकान्याचं नाव पूर्ण घातलं,
पाणी आहे का,
देवनागरीत.
हेतल म्हणाली, आता पुन्हा जाऊन बघायला हवं ना?
उद्या सकाळी आठला निघतोय. पहिली फत्तेपुऱ्याची,
सात प्रश्नचिन्हांची.
दोर घ्यायचा आहे.