तपासणी

साध्या कागदावरही चालतं मृत्युपत्र, वकील गायधनी म्हणाले.
चालत असेल, आई म्हणाली, माझं नाही चालत.
म्हणून मी जेल रोडवरून पाचशेचा स्टॅम्प पेपर आणला
आणि वाचायच्या आधी तिनं तो
खिडकीच्या उजेडात धरला. आडवा. मग उभा.
बत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये हेच केलं तिनं:
शाई फुटली का, नंबर सरकला का,
पाण्यातली खूण जागेवर आहे का.
वडील गेले तेव्हा लागली, अनुकंपा तत्त्वावर.
तो शब्द ती अजून रेशन कार्डासारखा उच्चारते,
निव्वळ कामाचा.

मी, इंदुमती सखाराम ताजनपुरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर,
शरीराने व मनाने सुदृढ असून…
"शरीराने खोडा. गुडघे ऐकतील तर हसतील."
मनाच्या दाखल्यासाठी डॉक्टर आले,
शंभरातून सात सात वजा करा म्हणाले.
ती त्र्याण्णव, शहाऐंशी करत थेट दोनवर उतरली.
डॉक्टर एकोणऐंशीपाशी बोटं मोजत राहिले.

उपनगरचा फ्लॅट मंदाला. पोस्टातले पैसे मला.
पितळी बंब जो उचलून नेईल त्याचा.

अपत्ये: दोन, असं टाइप झालं होतं.
तिनं चष्मा कपाळावर ढकलला,
लाल पेन मागितला,
आणि बाद शीटच्या कोपऱ्यात करायची
तशी छोटीशी फुली केली.
तीन, म्हणाली.

धनू. सव्वा वर्षाचा. कावीळ.
या घरात त्याच्या नावाचा एक चमचाही नाही.
मयताला हिस्सा देता येत नाही हो, बाई,
वकील खालच्या आवाजात म्हणाले.
"हिस्सा कोण मागतंय? मोजताय तर नीट मोजा."

तो गेल्यावर अकरा महिन्यांनी मी.
लहानपणी रोज सकाळी ती माझं तोंड
खिडकीकडं वळवायची,
अंगठ्यानं पापणी खाली ओढून बघायची
डोळा पांढरा आहे ना.
मला वाटायचं सगळ्यांच्याच आया असं करतात,
दात घासण्याआधी.
रिटायर व्हायच्या सुमारास तिनं सांगितलं होतं,
खराब निघालेल्या नोटेच्या जागी दुसरी घालतात हल्ली,
नंबरात एक बारीक तारा छापून.
किंमत तेवढीच असते, ती म्हणाली होती,
भाजी निवडता निवडता. मान वर न करता.

साक्षीला शेजारचे लोणारी आले, पायात घरातल्याच चपला,
आणि त्यांचा भाचा, ज्याला बसची घाई.
पाच पानं. प्रत्येक पानाखाली तिची सही,
शेवटच्या अक्षराला प्रेसच्या रजिस्टरातली तीच शेपटी.
मग अंगठा जिभेला लावून
तिनं पानं मोजली, दोनदा,
आणि माझ्यापुढं सरकवली.
तू मोज.
मी मोजली. पाच.
पुन्हा मोज, म्हणाली.