काठ

श्रीरंगचा ठोका चुकायला लागला तेव्हा
मी त्याला शिवी दिली.
मठारकामात दोन ठोक्यांमध्ये जागा सुटत नाही,
माशाच्या खवल्यासारखा ठोक्याला ठोका लागतो.
त्याच्या घंगाळावर मात्र
पिऊन चाललेल्याच्या पावलांसारख्या खुणा.
तोंडाचा वास घेतला. वास नव्हता.

पुढे अक्षर बिघडलं, चहा बशीत हिंदकळायला लागला.
सिव्हिलमध्ये म्हणाले, कावीळ होऊन गेली असेल.
भद्रकालीतल्या एकाने शक्तीच्या गोळ्या दिल्या.
बोलणं जिभेत अडकायला लागलं
तशी हिने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली.
चांगल्या तडतडल्या.

शेवटी नुसता चष्म्याचा नंबर बघायला म्हणून
कॅनडा कॉर्नरला नेला.
डॉक्टर म्हणजे पोरगीच, सोनवणे आडनावाची.
हनुवटी टेकवायला लावली,
उजेडाची एक चीर त्याच्या डोळ्यात सोडली
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
मग म्हणाली, "काका, तुम्ही बघा."

बुबुळाला काठ होता.
तपकिरी, कडेकडेने हिरवट,
चिंच लावायच्या आधी असतो तसा.
चाळीस वर्षं भांडी घडवली,
इतका सारखा काठ माझ्या हातून कधी वळला नाही.

"काय करता तुम्ही?"
मी हात पुढे केले.

यकृतातून तांबं बाहेर पडत नाही, ती म्हणाली,
साचतं, मेंदूत जातं.
डोळ्यात फक्त दिसतं.
रोज उपाशीपोटी तांब्यातलं पाणी
आम्हीच पाजलं त्याला, मी म्हणालो.
"भांड्यांचा दोष नाही, काका.
निम्मं तुमच्याकडून आलंय, निम्मं आईकडून,
दोघांनाही न कळता."
हिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

आता फडताळात स्टीलचा जग आहे.
गोळ्या चालू आहेत. काठ पुसट होईल म्हणतात,
घाई करायची नाही.
तांबट लेनमध्ये दिवसभर ठोके पडतात,
रंगा उंबऱ्यावर बसून ऐकतो
आणि कुणाचा चुकला ते सांगतो.
बरोबर सांगतो.

धाकटीचं रक्त उद्या तपासायचंय.
डोळेही, सोनवणेबाई म्हणाल्या, बघून घेऊ.
रात्री मला धीर धरवला नाही,
बॅटरी घेऊन ऋजुताच्या उशाशी जाऊन बसलो.
झोपलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असतात
हे तिथे बसल्यावर आठवलं.