बारणं वास

रात्री अडीच. सावली रोडच्या शेडमध्ये
मेट्रोचे तीन डबे, दिवे लावून, जागेवरच.

दाराची पेटी कळवते: शून्य.
म्हणजे, मी बंद आहे.
ब्रेकची पेटी ऐकते: शून्य.
म्हणजे, कुणी काही बोललंच नाही.
गाडी हलत नाही.

दार एका कंपनीचं, ब्रेक दुसरीचा,
कागद दोघांचेही बरोबर.
मी केबल काढते, फुंकते, पुन्हा लावते.
उगाच. दोष तारेत नाही, ठाऊक आहे.

कऱ्हाडहून लग्न होऊन दांडिया बाजारात आले,
पहिल्याच संध्याकाळी शकूवन्सं म्हणाल्या,
"बारणं वास गं."
मी गेले, आणि दाराचा वास घेतला.
एरंडेलाचा होता, जरासा धुळीचा.
मांजर आत येऊन दूध पिऊन गेलं.

रसिकभाई थर्मासातला चहा ओततात,
"बेन, हवे शुं?"
मी दोघांसाठी एकच तक्ता लिहायला घेते.
एक: उघडं.
दोन: बंद.
शून्य: माहीत नाही, पुन्हा विचार.
तीनचं घर रिकामं ठेवते,
उद्या आणखी कुठल्या गावची पेटी येईल.

चारला ब्रेक सुटतात. फुस्स.

घरी येते. सगळे झोपलेत.
हळूच बारणं वासते.